'मी सुखी होवो' म्हणताना जीभ का अडखळते?

खाडीपलीकडची | १७ मे, रात्री १०:५५

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक पाककृती विभागात सापडते, त्यामुळे "ही आज इकडे कुठे?" असं वाटेल. वाटू दे.

दापोलीच्या अलीकडे एका गावात राहते. उन्हाळ्यात आंब्याची साठं (आंबापोळ्या), फणसपोळी, आमसुलं करून विकते. परवा खळ्यात साठांची चौदा ताटं वाळत घातली होती. थरावर थर देऊन आठ झाले होते, दोन बाकी. आभाळ स्वच्छ, म्हणून जेवून जरा पाठ टेकली. जाग आली ती पत्र्यावर वाजणाऱ्या थेंबांनी. धावत गेले तोवर नऊ ताटं भिजलेली. वरच्या थराचा लगदा, आणि झाकलेल्या फडक्याचा निळा रंग त्यात उतरलेला.

पैशाचं नुकसान भरून निघेल. पण पायरीवर बसून मी स्वतःला जे बोलले, ते दुसऱ्या कुणी मला बोललं असतं तर जन्मात त्याचं तोंड बघितलं नसतं. "तुला एक काम धड जमत नाही. काढ झोपा!" बोलून झाल्यावर लक्षात आलं, हे वाक्य माझ्या मोठ्या काकूचं. काकूला जाऊन बारा वर्षं झाली, तरी अजून माझ्याच तोंडून बोलते.

दिवाळीत आमच्याकडे उतरलेल्या एका बाईंना मी पन्हाळेकाजीची लेणी दाखवायला नेलं होतं. त्या विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलेल्या. तिथे बसून त्यांनी मला मैत्रीभावना शिकवली. डोळे मिटून आधी स्वतःला म्हणायचं, 'मी सुखी होवो, मी वैरमुक्त होवो', मग बाकीच्यांना. बाकीच्यांना म्हणायला मला काही कठीण नाही. नवरा, सासूबाई, आमचं चोरटं मांजर, सगळे सुखी होवोत. 'मी' आलं की घसा दाटतो. खोटी साक्ष दिल्यासारखं वाटतं.

बौद्ध विचारात याला काही उत्तर आहे का? आणि स्वतःपासून सुरुवात करणं हा आपमतलबीपणा नाही का?

रापण | १७ मे, रात्री ११:१०

नऊ भिजली म्हणजे पाच वाचली. ती इकडे पाठवा, मी त्यांच्याशी मैत्री करतो.

उकडा_तांदूळ | १७ मे, रात्री ११:३२

माका पाली भाषा-बिषा कायएक कळणा नाय. पण एक इचारतंय. शेजारणीची साठां भिजली असती तर तू तिका काय म्हणलं असतंस? 'होऊ दे गो, उद्या परत घालू' असाच मा? मगे स्वतःक वेगळो कायदो कित्याक?

ऱ्हस्वदीर्घ | १८ मे, सकाळी ७:०५

धाग्याच्या शीर्षकातच व्याकरणाची चूक आहे. 'होवो' हे तृतीय पुरुषी रूप. 'त्याचं भलं होवो', 'पाऊस पडो' असं. 'मी' बरोबर 'होवो' येत नाही. जीभ अडखळते ती त्यामुळे.

रापण | १८ मे, सकाळी ७:२०

आले! धागा कशावरही काढा, हे छडी घेऊन हजर.

कातळशिल्प | १८ मे, सकाळी ९:४८

मी जरा कडू बोलणार. 'स्वतःवर प्रेम करा' हे हल्ली फारच ऐकू येतं. मोबाईल उघडला की कुणीतरी पोरगी समुद्राकडे तोंड करून हेच सांगत असते. आमच्या आईने सात पोरं वाढवली, भातशेती केली, लाकडं आणली. तिला 'तुझा आत्मसन्मान कसा आहे' असं विचारलं असतं तर तिने आधी हातातलं कालथं फेकून मारलं असतं. आपण झोपलो, पाऊस आला, माल भिजला. चूक झाली. स्वतःला दोन शब्द ऐकवले तर बिघडलं काय? त्यानेच माणूस पुढच्या वेळी जागा राहतो.

भरती_ओहोटी | १८ मे, सकाळी ११:१५

@कातळशिल्प, मी हाच प्रयोग वीस वर्षं केला. स्वतःला बोल लावून जागा राहत नाही हो माणूस. त्याची झोप उडते, एवढंच. जागं राहणं आणि झोप उडणं यात फरक आहे.

मी स्वतः शिबिर केलंय. तिथेही गंमत अशी की पहिले सहा दिवस मी 'तुला साधं श्वासाकडेही बघता येत नाही' म्हणून स्वतःलाच झोडपत होतो. म्हणजे ध्यानाचीही छडीच केली. शेवटच्या दिवशी मैत्री शिकवली तेव्हा मलाही 'मी' वर अडखळायला झालं होतं. शेजारचे काका मात्र घोरत होते. त्यांना कसलीच अडचण नव्हती.

नंतर सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट वाचली. श्रीमंत घरचा, नाजूक पायांचा. साधनेच्या हट्टापायी चालून चालून पायातून रक्त काढलं, तरी काही हाती लागेना, तेव्हा घरी परत जावं असं त्याच्या मनात आलं. बुद्धाने त्याला विचारलं, तू आधी वीणा वाजवायचास ना? तार फार ताणली तर नीट वाजते का? आणि ढिली सोडली तर? झालं. 'तू कमी पडलास' असा शब्द त्यात नाही, आणि 'तू ग्रेट आहेस' असाही नाही.

तिरफळ | १८ मे, रात्री ९:३०

धागा वाचला आणि राहवलं नाही. थोडंफार पाली शिकलोय, तेवढ्यावर लिहितो. लांबेल.

आधी आपमतलबीपणाचं. कोसलचा राजा पसेनदी एकदा महालाच्या वरच्या मजल्यावर मल्लिका राणीला विचारतो, "तुला स्वतःहून अधिक प्रिय असं कुणी आहे का गं?" अपेक्षा उघड आहे. राणी सरळ म्हणते, "नाही महाराज. तुम्हाला आहे का?" राजालाही खोटं बोलवेना. तो हे बुद्धाला जाऊन सांगतो. एखाद्या कीर्तनकाराने इथे राणीला स्वार्थी ठरवून तासभर निरूपण केलं असतं. बुद्ध काय म्हणतो? सगळ्या दिशा मनाने फिरून आलो, स्वतःहून प्रिय कुणी कुठे सापडलं नाही. इतरांनाही आपापला जीव असाच प्रिय असतो, म्हणून ज्याला स्वतः प्रिय आहे त्याने दुसऱ्याला दुखवू नये. 'तस्मा न हिंसे परमत्तकामो.' दुसऱ्याबद्दलची कणव इथे स्वतःच्या जिवापासून मोजायला घेतली आहे.

स्वतःपासून सुरुवात करायची ही पद्धत मुख्यतः बुद्धघोष या भाष्यकाराच्या 'विशुद्धिमग्ग' या ग्रंथातली, पाचव्या शतकातली. (त्याचं नागरीत संपादन करणारे धर्मानंद कोसंबी आपल्याच किनाऱ्याचे, १८७६ साली गोव्यात साखवाळला जन्मलेले.) त्यात गमतीदार वाक्य आहे. स्वतःवरच मैत्रीभावना करत शंभर वर्षं बसलात तरी ध्यान लागणार नाही. मग स्वतःपासून का? तर साक्षीसाठी. 'जसं मला सुख हवं, तसं यालाही हवं.' मूळ सुत्तांत, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांत, मैत्री दिशादिशांना पसरायची आहे, 'आधी मी' असा क्रम तिथे सांगितलेला नाही. तेव्हा 'मी' वर गाडी अडत असेल तर मांजरापासून सुरुवात केलीत म्हणून कुणी पकडून नेणार नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पालीत 'मान' नावाचा एक दोष आहे. आपण अहंकार म्हणतो तोच, पण त्याची रूपं तीन. 'सेय्योहमस्मि', मी वरचढ. 'सदिसोहमस्मि', मी बरोबरीचा. 'हीनोहमस्मि', मी हीन. तिसरंही मानच! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा चपराक बसल्यासारखं झालं, कारण 'आपण काय, आपण साधे' हा माझा नम्रपणा आहे असं मी समजत होतो. तोही तराजूच. फक्त माझं पारडं नेहमी वर गेलेलं. आणि हा मान अर्हत्पद, म्हणजे पूर्ण मुक्ती, मिळेपर्यंत सुटत नाही म्हणतात, त्यामुळे येत्या पावसाळ्यापर्यंत तो जाईल अशी आशा कुणी धरू नये.

म्हणून खाडीपलीकडचीताई, 'मी सुखी होवो' हे तुमच्या कामाचं प्रशस्तिपत्र नाही. तुम्ही हुशार, तुम्ही कर्तबगार, असं त्यात कुठे आहे? ती नुसती इच्छा आहे. साक्षच नाही, तर खोटी कशी होईल?

आणि ऱ्हस्वदीर्घ, तुमच्या पायावर डोकं ठेवतो. 'होवो' तृतीय पुरुषी आहे हे दहा वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. 'मी' ला 'तो' सारखं, 'ती' सारखं लांबून बघून दिलेला आशीर्वाद! चूक नाही ती, युक्ती आहे.

ऱ्हस्वदीर्घ | १८ मे, रात्री ९:५१

चूकच आहे. पण आभारी आहे.

निळी_पायवाट | १९ मे, दुपारी १:१०

तिरफळसाहेबांचं लेखन आवडलं, तरी एक ठिकाणी टोचलं.

'मी हीन' हा तुमच्या मनातला तराजू असेल. आमच्या आज्याच्या बाबतीत तो तराजू गावाने हातात दिला होता. आमचं गाव मंडणगड तालुक्यात, बाबासाहेबांच्या मूळ गावापासून, आंबडव्यापासून, फार लांब नाही. आजा बाजारात गेला तर पैसे लांबून टाकायचा, वस्तू लांबून उचलायचा. त्याला कुणी 'डोळे मिटून मी सुखी होवो म्हण' सांगितलं असतं तर? आधी पाणी पिऊ द्या ना.

२० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ती आमची मैत्रीभावना. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं, लुगडं नेसायची जुनी पद्धत सोडा, अंगावरची ओळख पुसा. बायकांनी सोडली. आत्मसन्मान असा दिसतो, निऱ्यांमध्ये. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्म घेतला तोही मन शांत करायला नव्हे, माणूस म्हणून उभं राहायला. तेव्हा 'न्यूनगंड हाही अहंकारच' हे वाक्य जपून वापरा. ज्याला दुसऱ्याने खाली दाबलंय त्याला 'तू अहंकारी आहेस' म्हणणं हा दुसरा मार झाला.

ताईंवर राग नाही. ताई, तुमची काकू हा तुमच्या घरातला गावच समजा.

तिरफळ | १९ मे, दुपारी २:४०

बरोबर. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त माझ्यासारखे खुर्चीत बसून कुढणारे होते. दाबणाऱ्याचा हात आधी दूर व्हायला हवा, यात वाद नाही. 'मान' शब्द आपण आपल्यापुरता वापरावा, दुसऱ्यावर डागू नये, एवढी दुरुस्ती करतो.

निळी_पायवाट | १९ मे, दुपारी २:५५

मान्य. आणि खरं सांगू, आजा गेल्यावर, हक्क मिळाल्यावर, नोकरी लागल्यावरही माझ्या मनात तो तराजू राहिलाच. ऑफिसात माझं काम चांगलं झालं तरी मी कुणी चूक काढतंय का याची वाट बघत असतो. तिथे तुमचं लागू पडतं. पण त्या क्रमाने.

कोकमसरबत | १९ मे, सायं. ५:००

मधेच घुसते. साठं हापूसची की रायवळची? आमच्याकडे रायवळच चालतो.

रापण | १९ मे, सायं. ५:०४

हापूसचं साठ घालणं म्हणजे पैठणीचं पायपुसणं करणं.

कोकमसरबत | १९ मे, सायं. ५:०९

आमच्या आत्याबाई हापूसचीच घालतात. त्यांना हे वाचून दाखवू का?

गलबत | १९ मे, रात्री ८:२०

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून दोन गोष्टी.

एक, कातळशिल्प यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. चुकीची टोचणी लागणं चांगलंच. पालीत त्याला 'हिरि' म्हणतात असं मी एका भिक्खूंकडून ऐकलं. हातून वाईट होऊ नये ही आतली लाज, आणि तिला ते गुण मानतात. पण झाल्या गोष्टीचं दळण दळत बसणं म्हणजे 'कुक्कुच्च', आणि ते ध्यानाच्या पाच अडथळ्यांत मोडतं. माझ्याकडे येणारे लोक या दोहोंत गल्लत करतात. 'मी चुकले' आणि 'मीच चूक आहे', या दोन वाक्यांत एका शब्दाचा फेर आहे, पण दुसऱ्यात माणूस बुडतो.

दोन, आठवडेच्या आठवडे झोप नाही, खाणं नाही, 'आपण नसलो तरच बरं' असं मनात येतंय, असं असेल तर मैत्रीभावना वगैरे नंतर. आधी डॉक्टर. सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ वर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ताईंचं तसं आहे असं म्हणत नाही. पण धागे वाचणारे न लिहिणारेही असतात.

मिठागर | २० मे, पहाटे ५:४०

मी त्या न लिहिणाऱ्यांतला. आज लिहितो.

बाबांचं खाडीलगत मिठागर होतं. मी मुंबईत. पावसाळ्यात ते आजारी पडले तेव्हा फोनवर म्हणत राहिलो, "गणपतीला येतोच आहे, चार दिवस काढीन." गणपतीला आठ दिवस राहिले असताना ते गेले. सहा वर्षं झाली. दर गणपतीला मखर बांधताना हात थांबतो. आपल्यासारखा नालायक मुलगा नाही, हे वाक्य मला पाठ आहे.

मागच्या वर्षी आमच्या तालुक्याच्या बुद्धविहारात सहज जाऊन बसलो होतो. तिथे मिठाच्या खड्याची गोष्ट सांगितली. मिठाचा खडा पेल्यातल्या पाण्यात टाकला तर ते पाणी पिववत नाही. तोच खडा गंगेत टाकला तर? गंगा खारट होत नाही. केलेलं कर्म तेवढंच असतं, मन पेल्याएवढं आहे की नदीएवढं यावर ते किती भोगायचं ठरतं. मी मिठागरवाल्याचा पोरगा. बाबा वाफ्यातला खडा जिभेवर ठेवून सांगायचे, "अजून दोन दिवस." त्यामुळे गोष्ट थेट आत गेली. इतकी वर्षं मी तो खडा बाहेर काढायच्या खटपटीत होतो. तो निघत नाही. गेलो नाही, ते गेलो नाहीच.

आता रविवारी गावी असलो की शेजारच्या एका आजोबांना डायलिसिसला घेऊन जातो. पुण्यासाठी नाही. पाणी वाढवायला.

भरती_ओहोटी | २० मे, सकाळी ८:००

मिठागर, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

तिरफळ | २० मे, सकाळी ८:४५

मिठागरदादा, शंख वाजवणाऱ्याचं एक सुत्त आहे, त्यातही हेच. पश्चात्ताप केल्याने केलेलं न केलेलं होत नाही, म्हणून ते पुढे करायचं सोडायचं आणि मैत्री पसरायची. बलवान शंखवाला चारी दिशांना सहज आवाज पोचवतो तशी. आपल्याकडे समुद्रावर शंख फुंकून बघितलेल्यांना कळेल, गाल फुगवून काही होत नाही, श्वास पोटातून लागतो.

कातळशिल्प | २० मे, रात्री १०:१५

मिठागर यांच्या प्रतिसादानंतर माझा पहिला प्रतिसाद मलाच जरा बोचतोय, पण मागे घेणार नाही, अर्धा घेतो.

मात्र एक शंका. बुद्ध म्हणतो 'अनत्त', मी असा कुणी नाहीच. मग स्वतःवर मैत्री म्हणजे कुणावर? घरी कुणी नसताना मनीऑर्डर कुणाच्या नावाने?

तिरफळ | २० मे, रात्री १०:४०

फणस चिरताना बोटाला विळी लागली तर 'आत्मा नाही' म्हणून तुम्ही हळद लावायचं थांबता का? कायम टिकणारा, न बदलणारा 'मी' नाही, एवढंच म्हणणं. दुखणं आहे, तिथे हळद. उलट 'मी असाच नालायक, कायमचा' हे म्हणायला कायमचा 'मी' लागतो. तो नाही, ही तर सुटकेची बातमी.

कातळशिल्प | २० मे, रात्री १०:५२

हं. विचार करतो. तसा कडू बोलण्याचा आपल्या लोकांचा लौकिक जुनाच. पुण्ण भिक्खू सुनापरान्ताला, म्हणजे आपल्या सोपाऱ्याकडे यायला निघाला तेव्हा बुद्धाने त्याला सावध केलं होतं, तिथली माणसं चंड आणि फरुस, म्हणजे तापट आणि कठोर आहेत. शिव्या देतील तेव्हा काय करशील? पुण्ण म्हणाला, 'हाताने मारलं नाही, भली माणसं आहेत' असं म्हणेन. मी त्या फरुसांचा वंशज.

रापण | २० मे, रात्री १०:५५

अडीच हजार वर्षांत एवढंच सुधारलो की आता आधी चहा विचारतो, मग शिव्या.

खाडीपलीकडची | २५ मे, रात्री ९:१०

मंडळी, मधले दिवस उरलेला माल मुंबईला धाडायच्या गडबडीत गेले. सगळं वाचलंय. मिठागरदादा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त मीठ घालताना डबा हातात धरून थोडा वेळ उभ्या होत्या.

तिरफळ म्हणाले तसं मांजरापासून सुरू केलं. मग पलीकडची वैनी. मग ऱ्हस्वदीर्घ सरांचं व्याकरण आठवलं आणि म्हटलं, लांबून बघू या. डोळ्यांपुढे आणली ती परवा दुपारची बाई. पहाटे चारला उठलेली, दोन पाट्या आंबे पिळलेले, कोपरापर्यंत रस, खळ्याला लागून पडवीत चटईवर आडवी झालेली. 'ती सुखी होवो' म्हटलं. अडखळले नाही. तिची दयाच आली हो. झोपू दे बिचारीला, असं वाटलं.

जमलं असं म्हणत नाही. काल कुळथाचं पिठलं करपलं आणि काकू लगेच हजर. पण या वेळी आवाज ओळखला. म्हटलं, "या काकू, बसा, मी जरा तवा घासून घेते."

निळी_पायवाट, 'घरातला गाव' हे माझ्या डोक्यातून जात नाहीये. काकूलाही तिच्या सासूने असंच ऐकवलं असणार. ते कधीतरी वेगळं लिहीन.

भरती_ओहोटी | २५ मे, रात्री ९:२५

साधनेतून ढळवायला येणारा तो मार येऊन बसला की बुद्ध एवढंच म्हणायचा, 'मारा, ओळखलं तुला.' आणि मार पडेल चेहऱ्याने निघून जायचा. तुमची काकू मात्र पिठलं खाऊन जाईलसं दिसतंय.

रापण | २५ मे, रात्री ९:३१

ते राहू द्या. त्या नऊ निळ्या ताटांचं काय केलंत?

खाडीपलीकडची | २५ मे, रात्री ९:४०

वरचे दोन थर सोलून काढले. खालचे सहा उत्तम निघाले, जरा पातळ. वाडीतल्या पोरांनी दोन दिवसांत फडशा पाडला. एक ठेवलंय.

ऱ्हस्वदीर्घ | २५ मे, रात्री ९:४४

पत्ता कुठे पाठवू?